दोन कळपांमधली मोकळी जागा

गेल्या उन्हाळ्यात मुलांना घेऊन आम्ही उत्तर मिनेसोटातल्या ईली गावी गेलो होतो. तिथलं वुल्फ सेंटर बघताना धाकटीनं विचारलं, "बाबा, लांडग्यांचं गाव केवढं असतं?" मी पडलो इंजिनिअर, म्हटलं, कळप मोठा तर गाव मोठं. साफ चुकलो!

घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं, खरा हिशेब भक्ष्याचा असतो. मिनेसोटात हरणं भरपूर, म्हणून एका कळपाला साधारण १०० ते ३०० चौरस किलोमीटर पुरतात. अलास्कात मूस आणि कॅरिबू विरळ; तिथं १,००० च्या वरही लागतात. कळपाच्या आकाराचा वाटा थोडाच. शेजारी कोण आहे, हे मात्र महत्त्वाचं.

१९६८ मध्ये डेव्हिड मेक यांनी ईलीजवळच्या जंगलात लांडग्यांच्या गळ्यात रेडिओ कॉलर बांधायला सुरुवात केली. विमानातून माग काढता काढता नकाशावर हद्दी उमटू लागल्या. पुढे कडक हिवाळ्यांत हरणं खूप घटली. १९७७ मध्ये मेक यांनी मांडलं, की उरलेली हरणं मुख्यतः दोन हद्दींमधल्या पट्ट्यात तगली होती. शेजारच्या कळपाशी गाठ पडली तर जीवावर बेतायचं, म्हणून तिथं कुठलाच कळप फार रेंगाळत नसे.

मी थक्क झालो ते पुढचं वाचून. याच मुलुखात अठराव्या शतकापासून ओजिब्वे आणि डकोटा लोकांच्या लढाया चालत. त्यांच्या सीमेवरही असाच पट्टा होता, असं हॅरोल्ड हिकरसन यांनी १९६५ मध्ये दाखवलं. भीतीपोटी शिकारी तिकडे फारसे फिरकत नसत, म्हणून हरणं टिकत. तह झाला की दोघेही शिकारीला उतरत, हरणं कमी होत आणि पुन्हा भांडण पेटे. १८२५ मध्ये अमेरिकी सरकारनं प्रेरी दु शीन इथं तह घडवून दोघांमध्ये सीमारेषा ठरवली, तरी लढाया थांबल्या नाहीत. नकाशावरच्या रेघेनं पोट कसं भरणार?

धाकटीला नवं उत्तर दिलं: "जेवढ्यात पोट भरतं तेवढं गाव, आणि कडेला थोडी जागा हरणांना."

"पण ते हरणांना कोण सांगतं?"

कुणीच नाही. तिथली उरतात, एवढंच.