तेर (प्राचीन तगर)

महाराष्ट्राच्या धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातील, तेरणा नदीकाठचे सातवाहनकालीन व्यापारी नगर. याच जिल्ह्यातील उमरगा येथील महादेव मंदिर मध्ययुगीन आहे. तेरचे अवशेष त्याहून कितीतरी प्राचीन होत. इ. स. पहिल्या शतकातील पेरिप्लस या ग्रीक ग्रंथात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर असल्याचा निर्देश आहे. तेथील जाडेभरडे कापड व मलमल गाड्यांतून भडोच बंदरी जाई. तगर म्हणजेच तेर, हे जे. एफ्. फ्लीट यांनी १९०१ मध्ये दाखवून दिले.

येथील एका हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे इटलीतील पाँपेई येथे १९३८ मध्ये सापडलेल्या मूर्तीशी निकटचे साम्य आहे. पाँपेई हे समुद्रकाठचे रोमन नगर इ. स. ७९ मध्ये व्हीस्यूव्हिअस ज्वालामुखीच्या उद्रेकात गाडले गेले. म्हणून तेथील मूर्ती त्यापूर्वीची ठरते. मात्र ती तेर येथेच घडविली गेली, असे केवळ साम्यावरून म्हणता येत नाही. तिच्यावरील खरोष्ठी अक्षर वायव्य भारताकडेही निर्देश करते.

राखेखाली पाँपेईचे रस्ते व घरे टिकून राहिली. तेरचे प्राचीन नगर मात्र गावालगतच्या पांढरीच्या टेकाडांत दडले आहे. तेथील मणी, मृण्मूर्ती, हस्तिदंती वस्तू इ. रामलिंगप्पा लामतुरे यांनी चिकाटीने जमविल्या. त्यांच्या संग्रहातूनच तेरचे शासकीय वस्तुसंग्रहालय उभे राहिले. उत्खननातील थरांची नोंद नसलेल्या अशा वस्तूंची कालनिश्चिती करताना पाँपेईचा पुरावा मोलाचा ठरतो.