खोडदच्या तबकड्या आणि कामाचा तुकडा : घरोघरच्या संगणकांनी केलेल्या संशोधनाचा इतिहास (थ्रेड)

१/ जुन्नर तालुक्यात नारायणगावहून पूर्वेस खोडदकडे वळले की शेतांच्या मधोमध ४५ मीटर व्यासाच्या जाळीदार तबकड्या दिसू लागतात. ही जीएमआरटी, म्हणजेच जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली टाटा मूलभूत संशोधन संस्थेने ती उभारली. एकूण ३० तबकड्या. त्यांपैकी १४ मध्यभागी दाटीने, तर १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन भुजांवर पसरलेल्या.

२/ दुर्बीण जितकी संवेदनक्षम, तितका तिच्याकडून येणारा माहितीचा लोंढा मोठा. मग या माहितीचे गणित करायचे कोणी? विसाव्या शतकाच्या अखेरीस या प्रश्नाला एक अनपेक्षित उत्तर मिळाले : सामान्य माणसांच्या घरातील रिकामे बसलेले संगणक. मात्र या उत्तराच्या पोटात आणखी एक प्रश्न दडलेला होता. एकेका संगणकाला काम द्यायचे, ते किती मोठे?

३/ १७ मे १९९९ रोजी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथून ‘सेटी ॲट होम’ हा प्रकल्प सुरू झाला. प्वेर्तो रिकोतील अरेसिबो दुर्बिणीच्या नोंदींमध्ये परग्रहावरील बुद्धिमान जीवांचा संकेत शोधणे हा त्याचा हेतू. नोंदी ३५ गिगाबाइटच्या चुंबकीय फितींवर साठवून बर्कलीला पाठवल्या जात. कारण तेवढी माहिती वाहून नेणारी इंटरनेट जोडणीच दुर्बिणीपाशी नव्हती.

४/ बर्कलीत त्या नोंदींचे तुकडे होत. २.५ मेगाहर्ट्झचा पट्टा २५६ भागांत विभागला जाई आणि प्रत्येक भागातील सुमारे १०७ सेकंदांची नोंद हा एक ‘वर्क युनिट’, म्हणजे कामाचा तुकडा ठरे. फाइल जेमतेम साडेतीनशे किलोबाइटची. टेलिफोनच्या तारेवरून येणाऱ्या इंटरनेटलाही ती पेलत असे. गणित मात्र प्रचंड : तत्कालीन घरगुती संगणक त्यावर तासन्‌तास राबत.

५/ सारे मर्म या विषमतेत होते. वाहतूक थोडी आणि मेहनत भरपूर असेल, तरच काम दूरवर वाटून देणे परवडते. पहिल्या आठवड्यातच दोन लाखांहून अधिक लोकांनी ही प्रणाली उतरवून घेतली. स्वयंसेवकांची उणीव कधीच भासली नाही. उणीव भासली ती काम वाटणाऱ्या यंत्रणेची.

६/ नारायणगावच्या टोमॅटो बाजाराचे उदाहरण घेऊ. प्रत्येक शेतकरी एकेक क्रेट घेऊन दिवसातून दहा वेळा आला, तर माल तेवढाच असूनही फाटकावर कोंडी होईल. कारण नोंद, वजन आणि पावती प्रत्येक फेरीला करावीच लागते. उलट ट्रक भरेपर्यंत सारे थांबले, तर माल शेतातच खराब होईल. कामाच्या तुकड्याचेही तसेच आहे.

७/ समजा दहा लाख संगणक आहेत आणि एका तुकड्याला दहा तास लागतात. सर्व्हरकडे सेकंदाला सुमारे २८ तुकडे परत येतील. तेच काम दहा मिनिटांत होऊ लागले, तर हा आकडा सुमारे १,६६७ वर जातो. शिवाय प्रत्येक तुकड्यामागे मागणी, फाइल पाठवणे, उत्तर स्वीकारणे, पडताळणी आणि डेटाबेसमधील नोंद ही कामे असतातच. स्वयंसेवकाचा संगणक वेगवान झाला, की ओझे सर्व्हरवर येऊन पडते.

८/ त्यात भर विश्वासाच्या प्रश्नाची. अनोळखी संगणकाचे उत्तर खरे कशावरून? म्हणून एकच तुकडा निदान दोघांकडे पाठवून उत्तरे ताडून पाहण्याची रीत रूढ झाली. एकाने काम अर्ध्यावर सोडले, तर मुदत संपेपर्यंत दुसऱ्याचे उत्तरही ताटकळते आणि डेटाबेसमधील ती नोंद उघडीच राहते. तुकडा जितका लांब, तितकी ही प्रतीक्षा वाढते. शिवाय दिवसातून तासभरच चालणारा जुना संगणक शर्यतीतून बाद होतो.

९/ २००२ मध्ये डेव्हिड अँडरसन यांनी बर्कलीत ‘बॉइंक’ ही सामाईक प्रणाली हाती घेतली, आणि कामाची वाटणी, मुदत व पडताळणी यांची व्यवस्था सर्वच प्रकल्पांना उपलब्ध झाली. २००६ मध्ये सेटीने त्याच आकाराच्या फाइलवर अधिक बारकाईने शोध घेणारी आवृत्ती आणली. एकाच निर्णयाने दोन गोष्टी साधल्या : शोधाची सूक्ष्मता वाढली आणि प्रत्येक तुकडा अधिक वेळ पुरू लागला. पुढे ग्राफिक कार्डांनी तोही काही मिनिटांवर आणला.

१०/ या पद्धतीचे सर्वांत देखणे फळ ‘आइन्स्टाइन ॲट होम’ला मिळाले. २००५ मध्ये गुरुत्वीय लहरींच्या शोधासाठी सुरू झालेल्या या प्रकल्पाने २००९ पासून अरेसिबोच्या नोंदींत स्पंदक, म्हणजे पल्सार शोधण्यास प्रारंभ केला. २००७ मध्ये नोंदलेल्या माहितीतून २०१० मध्ये सेकंदाला सुमारे ४१ फेरे घेणारा एक स्पंदक सापडला. तो टिपणारे संगणक अमेरिकेतील आयोवा राज्यात आणि जर्मनीतील माइन्झ शहरात होते.

११/ मग खोडदच्या तबकड्यांचे मूळ गणित असे घरोघर का वाटले गेले नाही? ३० तबकड्यांच्या ४३५ जोड्या होतात आणि प्रत्येक जोडीचे संकेत परस्परांशी ताडावे लागतात. ३२ मेगाहर्ट्झचा पट्टा व दोन ध्रुवण धरले, तर सेकंदाला किमान ३८४ कोटी नमुने जमा होतात. येथे मेहनत आणि वाहतूक दोन्ही अफाट. हे काम ज्या क्षणी माहिती येते, त्याच क्षणी, त्याच ठिकाणी उरकावे लागते.

१२/ म्हणून तबकड्यांचे संकेत प्रकाशतंतूंवरून खोडदच्या मध्यवर्ती इमारतीत येतात. तेथे आरंभी खास बनवलेली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा होती. २०१० च्या सुमारास तिची जागा परस्परांशी जोडलेल्या सामान्य संगणकांच्या समूहाने घेतली. पुढे सुधारित जीएमआरटीसाठी पट्टा ४०० मेगाहर्ट्झपर्यंत रुंदावला, तेव्हा ग्राफिक कार्डे मदतीला आली. कामाची वाटणी येथेही आहेच; फक्त ती एका छपराखाली आहे.

१३/ तरीही खोडदच्या माहितीला स्वयंसेवक लाभलेच, आणि तेही संगणकाऐवजी डोळे घेऊन. २०१३ मध्ये आनंद होता यांनी ‘रॅड ॲट होम’ हा भारतीय उपक्रम सुरू केला. जीएमआरटीच्या १५० मेगाहर्ट्झ सर्वेक्षणाच्या प्रतिमांत वेगळ्या आकाराच्या दीर्घिका ओळखण्याचे शिक्षण विद्यार्थ्यांना दिले जाऊ लागले. या प्रयत्नांतून पुढे आलेल्या ‘रॅड १२’ या दीर्घिकेवरील शोधनिबंध २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. शेजारच्या दीर्घिकेवर रेडिओ-प्लाझ्माचा बुडबुडा सोडणारी ही दीर्घिका जीएमआरटीनेच नीट उलगडून दाखवली.

१४/ येथे कामाचा तुकडा म्हणजे एक प्रतिमा. आणि सर्व्हर? तो म्हणजे प्रत्येक निरीक्षण तपासून पाहणारा तज्ज्ञ. उत्साही डोळे हजारो मिळतील. परंतु पारखणाऱ्याचा दिवस चोवीस तासांचाच. जुने गणित माणसांनाही चुकले नाही.

१५/ ३१ मार्च २०२० रोजी सेटी ॲट होमने नवे काम वाटणे थांबवले. स्वयंसेवक तेव्हाही होतेच. पण अपेक्षित विश्लेषण बहुतांशी पूर्ण झाले होते, वाटपाची व्यवस्था चालवण्याचे श्रम मोठे होते आणि साचलेल्या उत्तरांचा अर्थ लावणे बाकी होते. दोन दशकांत लाखो घरांनी आपली वीज आणि आपले संगणक या कामाला दिले. त्या दानाचे चीज व्हायचे, तर घेणाऱ्याची ओंजळही तेवढीच मोठी लागते. तुकडा केवढा असावा, हा दिसायला तांत्रिक प्रश्न. वस्तुतः तो त्या ओंजळीच्या मापाचा प्रश्न होता.