वाघिणींची वाट

आमच्या घरी पत्र्याच्या एका पेटीत आजोबांचे जुने कागद आहेत. त्यांतला एक शेतसाऱ्याचा, उर्दूत लिहिलेला. लहानपणी तो मी वडिलांकडून वाचून घेतला, तेव्हा शेवटी शब्द आले : तालुका राजुरा, जिल्हा आदिलाबाद. मला वाटले, लिहिणाऱ्याची चूक झाली. राजुरा तर चंद्रपूर जिल्ह्यात! वडील हसून म्हणाले, "अरे, गाव होतं तिथंच आहे. फिरले ते जिल्हे."

दुसरी एक आठवण बल्हारशाहच्या फलाटावरची. कोळशाने भरलेली मालगाडी समोरून चालली होती आणि शेजारचे कुणी वडीलधारे तिच्या 'वाघिणी' मोजत होते. आमच्या भागात वाघ काही नवा नाही. पण रुळांवरून जाणाऱ्या वाघिणी मी प्रथमच ऐकल्या. मालगाडीच्या डब्याला, म्हणजे 'वॅगन'ला, मराठीने हे नाव दिले आहे हे पुढे कळले. या वाघिणींची वाट आपल्या दारावरून गेली, आणि आपल्या दुभाषी मुलखाचे बरेचसे रूप त्या वाटेनेच घडविले.

आरंभ जमिनीखालून करावा लागतो. वर्धा नदीच्या खोऱ्यातून दक्षिणेकडे प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यापर्यंत एकाच कुळातल्या कोळशाच्या खडकांचा पट्टा गेला आहे. हे खडक सुमारे पंचवीस ते तीस कोटी वर्षांपूर्वीचे. भूगर्भशास्त्रज्ञांनी १८७० च्या दशकात त्यांना 'गोंडवाना' हे नाव दिले, ते आपल्याच गोंड राजांच्या मुलखावरून. पुढे १८८५ साली एडुआर्ड झ्यूस या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने दक्षिण गोलार्धातल्या प्राचीन महाखंडाला 'गोंडवाना भूमी' म्हटले. चांदा-माणिकगडचे नाव असे जगाच्या भूगोलात गेले.

परंतु कोळसा सापडला म्हणजे खाण झाली, असे होत नाही. कोळसा ही जड आणि स्वस्त वस्तू. सोने माणूस कमरेला बांधून नेईल. टनभर कोळशाला मात्र एक बैलगाडी पुरणार नाही, आणि दहा-वीस कोस वाहून नेईपर्यंत भाडे मालाहून महाग होईल. म्हणून कोळशाच्या इतिहासात खाणीइतकीच तिच्यापासून निघणारी वाट महत्त्वाची. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमजवळ वोलॅटन येथे १६०३-०४ साली खाणीपासून लाकडी रूळ टाकून त्यांवरून घोड्यांनी कोळशाचे गाडे ओढले. अशाच एका खाणीच्या वाटेवर, किलिंगवर्थला, जॉर्ज स्टीफन्सनने १८१४ मध्ये आपले पहिले वाफेचे इंजिन चालविले. १८२५ ची स्टॉक्टन-डार्लिंग्टन रेल्वेही प्रामुख्याने कोळशासाठीच. आगगाडी ही खाणीची लेक आहे, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

आपल्या बाजूला ही लेक वरोऱ्यास आली. वरोऱ्याच्या कोळशावर १८७१ पासून सरकारी खाणीचे काम सुरू झाले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ मध्येच नागपुरास पोचली होती. पण वरोरा त्या मार्गापासून दूर. तेव्हा वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे वरोऱ्यापर्यंत सुमारे ४५ मैलांचा फाटा सरकारने टाकला. त्याचे नावच मुळी 'वर्धा कोल स्टेट रेल्वे'. १८७७ पर्यंत तो वरोऱ्यास पोचला. त्याच वर्षी १ जानेवारीला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. गिरणीसाठी नागपूर निवडताना त्यांनी जवळचा कापूस पाहिला, तसाच वरोऱ्याचा कोळसाही पाहिला होता. हिंगणघाटचा कापूस आणि वरोऱ्याचा कोळसा असे दोन्ही याच फाट्याने धावू लागले.

वर्धेच्या पलीकडे निजामाचे राज्य. तिथेही शोध चालूच होता. डॉ. विल्यम किंग यांना १८७१ च्या सुमारास येल्लंदूजवळ, सिंगरेणी गावाच्या परिसरात कोळसा आढळला. १८८६ साली लंडनमध्ये 'हैदराबाद (डेक्कन) कंपनी' स्थापन झाली आणि राज्यातील खनिजांचा हक्क तिने मिळविला. हा व्यवहार इतका वादग्रस्त ठरला की १८८८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटच्या निवड समितीने त्याची चौकशी केली. कंपनी मात्र टिकली. निजामाची रेल्वे वरंगळवरून बेजवाड्याकडे जात होती. तिला डोर्नकलपासून येल्लंदूचा फाटा जोडला गेला आणि १८८९ पासून तिथला कोळसा बाहेर पडू लागला. १९२० मध्ये कंपनीचे नाव 'सिंगरेणी कॉलरीज' झाले. ते नाव आज तेलंगणात घराघरांत आहे.

आता आदिलाबादचे पाहा. वरोऱ्याच्या दक्षिणेला आणि येल्लंदूच्या उत्तरेला, नेमका मधला हा जिल्हा. राजुरा तालुक्यातील सास्ती आणि पवनीचा कोळसा माहीत होता. तांडूर-बेल्लमपल्लीकडची जमीन भूगर्भवाल्यांनी पायी तुडविली होती; टी. डब्ल्यू. एच. ह्यूज यांचा वर्धा खोऱ्यावरील ग्रंथ १८७७ मध्ये आणि किंग यांचा प्राणहिता-गोदावरी खोऱ्यावरील ग्रंथ १८८१ मध्ये निघाला. तरीही बेल्लमपल्लीचा कोळसा जवळजवळ अर्धशतक जागचा हलला नाही. उत्तरेला वर्धा आडवी, दक्षिणेला गोदावरी आडवी आणि मध्ये सागवानाचे दाट रान. कोळसा होता, वाट नव्हती.

वाट आली ती काझीपेट-बल्हारशाह लोहमार्गाने. गोदावरीवर मंचेरियालजवळ आणि वर्धेवर बल्हारशाहजवळ पूल झाले आणि १९२९ साली हा मार्ग पूर्ण झाला. उत्तर हिंदुस्थान आणि मद्रास यांना जोडणारा सरळ रस्ता खुला झाला. ग्रँड ट्रंक एक्सप्रेस त्याच वर्षी सुरू झाली. आणि तांडूर-बेल्लमपल्लीचे खाणकाम केव्हाचे? १९२७-२८ चे. तारखा शेजारी ठेवल्या की वेगळा पुरावा शोधावा लागत नाही. कोट्यवधी वर्षे पडून असलेला कोळसा रुळांची चाहूल लागताच उठून बसला!

मोठ्या रुळांना जोडून खाणीच्या आत छोटे रूळ. जुन्या पद्धतीच्या खाणीत कोळशाचे खांब राखून मधल्या वाटा पोखरीत जात. सुरुंगाने कोळसा फुटला की फिलरचे काम सुरू. वेताची टोपली आणि फावडे ही त्याची हत्यारे. तेलुगूत 'तट्टा' आणि 'चेम्मस'. तो कोळसा लोखंडी टबात भरायचा. भरलेल्या टबावर फिलरचा क्रमांक असलेले टोकन लावायचे, म्हणजे वर मोजदादीच्या वेळी तो टब त्याच्या नावावर पडे. घरची चूल या टोकनांवर चालायची. म्हणून टब काठोकाठ भरला की नाही यावरून वरच्या कारकुनाशी होणारी वादावादी हा खाणीतला रोजचा विषय. ट्रॅमर टब ढकलीत मुख्य वाटेवर आणी. तिथे ते पोलादी दोराला अडकविले जात आणि हॉलेज इंजिन ती माळ उतारावरून वर खेची. घंटेचा एक ठोका म्हणजे 'थांब'. दोर तुटला किंवा टब सुटला तर उतारावर उभ्या माणसाची धडगत नसे. म्हणून वाटेच्या कडेला भिंतीत माणूस अंग चोरून उभा राहील एवढे कोनाडे ठेवलेले असत. वर आल्यावर टब उलटायचा, कोळसा चाळला जायचा आणि शेवटी वाघिणीत पडायचा. फिलरच्या टोपलीपासून मद्रासच्या गाडीपर्यंत ही एकच वाट होती.

खाणीला तेलुगू कामगार 'बायी' म्हणतो. 'बायीवर जातो' म्हणजे खाणीत कामाला जातो. बायी म्हणजे खरे तर विहीर. संस्कृत 'वापी'पासून आलेला शब्द. आपली 'बाव' त्याच घरची. रवींद्रखनी, गोदावरीखनी या नावांतली 'खनी' आणि आपली 'खाण' याही सख्ख्या बहिणी. बेल्लमपल्लीच्या कामगार वस्तीत तेलुगू, दख्खनी उर्दू आणि मराठी अशा एका ओसरीवर नांदल्या. आमचे एक काका तिथे हजेरीच्या कचेरीत होते. ते आकडे मराठीत मोजीत, हुकूम उर्दूत वाचीत आणि माणसाशी तेलुगूत बोलत. 'तुमची भाषा कोणती?' असे विचारले तर क्षणभर थांबत.

मात्र या वाटेचे एक देणे आपण फेडलेले नाही, तेही लिहिले पाहिजे. ज्या गोंडांच्या नावावरून या खडकाला नाव मिळाले, त्यांच्या वाट्याला काय आले? खाणीतले बहुतेक कामगार बाहेरून आले. रेल्वेने रान खुले झाले, तसे जमिनी शोधणारेही आले. त्यांत आपल्या मराठी मुलखातले होते, तसेच तेलुगू मुलखातले. जोडेघाटला १९४० मध्ये कुमराम भीम यांनी प्राण दिले ते जल-जंगल-जमिनीच्या हक्कासाठी. त्यानंतर निजाम सरकारने या प्रश्नाच्या अभ्यासाचे काम फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाकडे दिले, आणि गोंडांच्या हातून जमिनी कशा गेल्या हे त्यांनी सविस्तर नोंदविले. वाघिणींच्या वाटेने कोळसा बाहेर गेला आणि माणसे आत आली. दोहोंची किंमत रानातल्या माणसाने मोजली.

पुढचा इतिहास पुष्कळांच्या आठवणीतला आहे. १९४५ मध्ये हैदराबाद राज्याने सिंगरेणीचे बहुसंख्य भाग विकत घेतले. १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले. आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषेप्रमाणे रेघ ओढली गेली. आदिलाबादचे राजुरा आणि किनवट हे तालुके व बोथ तालुक्यातले इस्लापूर मंडळ मुंबई राज्यात आले. नांदेड जिल्ह्याकडून मुधोळ, भैंसा, कुबेर ही मंडळे आंध्रात गेली. राजुरा आधी नांदेडला जोडला, मग १९५९ मध्ये चांद्याला. आजोबांच्या कागदाचे कोडे हे असे. वर रेघ पडली, पण खाली कोळशाचा पट्टा एकच राहिला. सास्तीचा कोळसा आज वेस्टर्न कोलफील्ड्सचा. बेल्लमपल्लीचा सिंगरेणीचा, जिच्यात तेलंगण सरकारचा ५१ टक्के आणि केंद्राचा ४९ टक्के वाटा आहे. २०१६ मध्ये आदिलाबादचेही चार जिल्हे झाले आणि बेल्लमपल्ली मंचेरियाल जिल्ह्यात गेले. जिल्हे पुन्हा फिरले!

खाणीला मात्र मरण असते. वरोऱ्याची खाण सरकारने १९०६ मध्ये बंद केली. पस्तीस वर्षांत तिचा कारभार आटोपला. पण तिच्यासाठी टाकलेले रूळ आधी बल्लारपूरकडे वाढले आणि शेवटी काझीपेटला जाऊन मिळाले. आज वरोरा म्हटले की कुणाला खाण आठवत नाही, बाबा आमट्यांचे आनंदवन आठवते. बेल्लमपल्लीवरही तीच पाळी आली. मॉर्गन पिट, सदर्न क्रॉस ही एकेकाळची दबदब्याची नावे. आता ती म्हाताऱ्यांच्या बोलण्यात उरली. सिंगरेणीचा बहुतेक कोळसा आता उघड्या खाणींतून यंत्रांनी निघतो, तट्टा-चेम्मसची माणसे लागत नाहीत. २००१ आणि २०११ च्या जनगणनांच्या दरम्यान गावाची लोकसंख्या घटली. मुले हैदराबादला, नागपूरला गेली. गेली ती याच रुळांवरून.

काका निवृत्त होऊन आले तेव्हा त्यांच्या सामानात पितळेचे एक टोकन होते. एका फिलरने सेवा संपताना आठवण म्हणून दिलेले. त्यावर फक्त आकडा आहे, नाव नाही. तो माणूस कोणत्या गावचा, घरी कोणती भाषा बोलत होता, हे काकांना ठाऊक होते. आम्ही विचारले नाही आणि आता काका नाहीत. टोकन तेवढे आजोबांच्या कागदाशेजारी पेटीत आहे.

सरकारी दप्तरांत टनांचे आकडे मिळतील, भाग-भांडवल मिळेल, तारखा मिळतील. टबामागच्या माणसाचे नाव मिळणार नाही; ते आपल्या घरांतच आहे, मराठीत आणि तेलुगूत. दिवाळीला चार माणसे एकत्र जमतात. घरात कुणी 'बायीवर' गेलेले असेल, तर त्यांच्याजवळ बसा आणि वही घेऊन बसा. आम्हांला उशीर झाला. तुम्हांला होऊ नये.