सम्राटाचें रिकामें थडगें

आल्प्स पर्वताच्या कुशींत ऑस्ट्रियाचा टिरोल नांवाचा प्रांत आहे. इन्सब्रुक हें त्याचें मुख्य शहर. ‘इन’ ही नदी आणि ‘ब्रुक’ म्हणजे पूल. तेंच शहराचें नांव झालें. ११८० सालीं उत्तर तीरावरील बाजारपेठेस पूल ओलांडून दक्षिण तीरीं जागा मिळाली आणि तेथें शहर वाढूं लागलें. शहराची उंची सुमारें १,९०० फूट. उत्तरेस सात हजार फुटांहून उंच कड्यांची भिंत, तर दक्षिणेस सुमारें ४,५०० फुटांवर ब्रेनरचा घाट. आल्प्समधील मोठ्या घाटांत हा सखल. म्हणून जर्मनी व इटली यांमधील व्यापारी आणि सैन्यें शतकानुशतकें याच वाटेनें गेलीं. अशा गांवीं वाटसरूंस आसरा व घोड्यांस दाणावैरण देणाऱ्या सराईवाल्याचें महत्त्व मोठें असावें, हें ओघानेंच आलें.

या शहरावर सम्राट पहिला मॅक्झिमिलियन याचें विशेष प्रेम होतें. त्याच्यासाठीं १५०० सालीं चौकांत एक सज्जा उभारण्यांत आला. त्याच्या छपरावर सोन्याचा मुलामा दिलेलीं अडीच हजारांहून अधिक तांब्याचीं कौलें आजहि झळकतात. स्वतःच्या थडग्याभोंवतीं पूर्वजांचे चाळीस भव्य पुतळे असावेत, असाहि त्याचा संकल्प होता. परंतु लढाया आणि थाटमाट यांपायीं कर्ज वाढत गेलें. १५१८ सालीं तो आजारी अवस्थेंत इन्सब्रुकला आला, तेव्हां मागील देणें थकलें आहे, या सबबीवर सराईवाल्यांनीं त्याच्या लवाजम्यास जागा नाकारली. सम्राट पुढें निघाला आणि १२ जानेवारी १५१९ रोजीं वेल्स गांवीं वारला. त्याचा देह वीनर नॉयस्टाट येथें पुरला गेला. पुढें नातू फर्डिनांड यानें इन्सब्रुकांत राजचर्च बांधविलें. तेथें ब्राँझचे अठ्ठावीस पुतळे थडग्याभोंवतीं उभे आहेत. थडगें मात्र रिकामें आहे.

त्याच चर्चमध्यें एका सराईवाल्याची समाधि आहे! आंद्रेआस होफर हा टिरोलमधील सराईचा मालक व घोड्यांचा व्यापारी. नेपोलियनच्या वर्चस्वामुळें टिरोल बव्हेरियाकडे गेला होता. १८०९ सालीं होफरनें शेतकऱ्यांस घेऊन उठाव केला, शहरालगतच्या बेर्गिझेल टेकडीवर शत्रूस हटविलें आणि सुमारें दोन महिने इन्सब्रुकच्या राजवाड्यांतून प्रांताचा कारभार पाहिला. अखेर त्याचा पराभव झाला आणि २० फेब्रुवारी १८१० रोजीं मांटुआ येथें त्यास गोळ्या घालण्यांत आल्या. १८२३ सालीं त्याच्या अस्थि येथें आणून पुरल्या. सम्राटानें योजिलेल्या मानाच्या परिसरांत सम्राट नाहीं. पण सराईवाला आहे.

बेर्गिझेलची कीर्ति पुढें खेळांमुळें दुणावली. १९६४ च्या हिवाळी ऑलिंपिक सामन्यांत तेथें बर्फावरील उड्यांच्या शर्यती झाल्या. त्या वर्षीं हिमच पुरेसें पडलें नाहीं; तेव्हां ऑस्ट्रियन सैनिकांनीं डोंगरांतून तें वाहून आणून शर्यतींचे उतार भरून काढले. १९७६ च्या सामन्यांचा मान अमेरिकेंतील डेन्व्हर शहरास मिळाला होता. परंतु १९७२ सालीं कोलोरॅडोच्या मतदारांनीं खर्चास नकार दिला. बारा वर्षांपूर्वींची क्रीडांगणें इन्सब्रुकजवळ होतीं. त्यानें ते सामने आपल्याकडे घेतले. दोन यजमानपदांची खूण म्हणून बेर्गिझेलवर दोन ज्योती पेटविण्यांत आल्या. ज्या गांवानें थकलेल्या देण्यासाठीं सम्राटास परत पाठविलें, त्यानेंच दुसऱ्यानें नाकारलेल्या पाहुण्यांस दार उघडलें.