थिएटर कुठे आहे?

‘थिएटर’ या शब्दानं मराठीत मोठा घोळ घालून ठेवला आहे. छत्रपती संभाजीनगरमध्ये रिक्षात बसून ‘थिएटरला सोडा’ म्हटलं, तर रिक्षावाला सरळ एखाद्या मॉलच्या दारात नेऊन उतरवतो, कारण थिएटर म्हणजे सिनेमा. दवाखान्याच्या आसपास हाच शब्द उच्चारला, तर ऐकणाऱ्याचा चेहरा गंभीर होतो. ‘नाटक बघायचंय’ असं फोड करून सांगितलं की मग खरा प्रश्न येतो : ‘एकनाथ, तुकाराम का तापडिया?’ बाहेरगावच्या माणसाची पंचाईत इथून सुरू होते. नाट्यगृहाला एका संताचं नाव आहे एवढंच त्याच्या लक्षात राहिलेलं असतं. या गावात एक संत उस्मानपुऱ्यात आहेत आणि दुसरे सिडकोत, आणि दोघांच्या मध्ये जालना रोडची सगळी वाहतूक आहे.

मी याच शहरात इंजिनिअरिंग केलं आणि आता सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. पत्ता शोधणं हा आमच्या धंद्यातला रोजचा प्रकार. माहिती कुठे ठेवली आहे, तिथपर्यंत कोणत्या वाटेनं जायचं आणि ती तिथून हलवली असेल तर नवा पत्ता कोण सांगणार, हे प्रश्न आम्ही दिवसभर सोडवत असतो. या सवयीनं मी आमच्या शहरातली नाट्यगृहं शोधायला लागलो. इमारती सापडल्या. पण शहराचं नाटक नेमकं कुठे होतं, हे विचारायला लागलो तेव्हा लक्षात आलं की इथे माणूस गल्ल्यांमुळे कमी आणि इतिहासामुळे जास्त चुकतो.

आधी गल्ल्यांचं बघू. हे एक शहर दिसत असलं तरी त्याच्यात तीन-चार शहरं एकावर एक ठेवलेली आहेत आणि प्रत्येकाची पत्ता सांगायची रीत वेगळी. मलिक अंबरनं १६१० साली खडकी वसवली. त्याच्या मुलानं तिचं फतेहनगर केलं, १६५३ मध्ये औरंगजेब दख्खनचा सुभेदार म्हणून परतला तेव्हा ती औरंगाबाद झाली, आणि २०२३ पासून सरकारदरबारी ती छत्रपती संभाजीनगर आहे. जुन्या शहरात पत्ता सांगतात तो दरवाजांवरून आणि पुऱ्यांवरून : पैठण गेट, भडकल गेट, औरंगपुरा, बेगमपुरा. १९०० साली रेल्वे आली आणि स्टेशनच्या बाजूला वेगळी वस्ती वाढली. मग १९७२ मध्ये सिडको आलं. त्यांनी नगरं आणि पुरे सोडून एन-१, एन-२ असे अक्षर-आकडे वाटले. जालना रोडवर तर पत्ता हा आठवणीचा भाग आहे. चौकाचं अधिकृत नाव महावीर चौक असलं तरी लोक ‘बाबा पेट्रोल पंप’च म्हणतात.

नाट्यगृहंसुद्धा अशीच वेगवेगळ्या थरांत विखुरली आहेत. तापडिया नाट्यमंदिर निराला बाजारात, म्हणजे जुन्या शहराच्या उंबऱ्यावर. संत एकनाथ रंगमंदिर उस्मानपुऱ्यात, जुनं शहर आणि स्टेशन यांच्या मधल्या पट्ट्यात. संत तुकाराम नाट्यगृह सिडकोत, एन-५ मध्ये. एकाचा पत्ता सांगायची भाषा दुसऱ्याला लागू पडत नाही. पण या तिन्ही इमारती तुलनेनं अलीकडच्या आहेत. त्यांच्या आधी काय होतं, हे शोधताना खरं भरकटणं सुरू होतं.

मराठी रंगभूमीचा इतिहास आपण शाळेत शिकतो तो सांगलीपासून. १८४३ साली विष्णुदास भावे, पाठीशी पटवर्धन संस्थानिक. मग किर्लोस्कर, बालगंधर्व, पुणे-मुंबईची थिएटरं, बडोद्याचा आश्रय. कोल्हापुरात शाहू महाराजांनी पॅलेस थिएटर उभारलं, ते १९१५ साली तयार झालं. पुढे त्याला केशवराव भोसल्यांचं नाव मिळालं. ऑगस्ट २०२४ मध्ये त्याला आग लागली तेव्हा कोल्हापूरकर घरातलं माणूस गेल्यासारखे रडले. शंभर वर्षं एका जागी उभ्या असलेल्या वास्तूबद्दल गावाला जे वाटतं, ते तिथे दिसलं.

या सगळ्या इतिहासात आमचं गाव कुठे येतं? जवळपास नाहीच. कारण ते तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. राज्यकारभार आणि शिक्षण उर्दूत. १९२९ च्या सुमारास ‘गश्ती निशाण ५३’ या नावानं ओळखला जाणारा हुकूम निघाला आणि सभा भरवायची तर आधी परवानगी घेणं आलं. चार माणसं जमणंच जिथे संशयास्पद, तिथे तिकीट लावून चारशे माणसं जमवणारा धंदा कसा रुजणार? १९३८ मध्ये इथल्या इंटरमीजिएट कॉलेजच्या वसतिगृहात मुलांनी ‘वंदे मातरम्’ म्हटलं, तेवढ्यावरून बंदी आली, संप झाला आणि चळवळ संस्थानभर पसरली. गाणं म्हणणं हेच जिथे राजकारण ठरतं, तिथे नाटक काय ठरलं असतं याचा अंदाज करता येतो.

म्हणून त्या काळातलं इथलं मराठी नाटक शोधायचं तर थिएटर शोधून उपयोग नाही. गणपतीतले मेळे बघावे लागतात, शाळांची संमेलनं बघावी लागतात. १९१५ साली सुरू झालेली सरस्वती भुवनसारखी संस्था मराठीपण जपत होती. मेळा गणपतीबरोबर येतो आणि विसर्जनाबरोबर जातो. संमेलनाचा मंडप दुसऱ्या दिवशी सोडतात. मागे पत्ता उरत नाही.

आणखी मागे गेलं तर हाच धागा सापडतो. उस्मानपुऱ्यातल्या रंगमंदिराला ज्यांचं नाव आहे ते एकनाथ पैठणचे, इथून पन्नासेक किलोमीटरवर. त्यांचं शिक्षण झालं देवगिरीच्या किल्ल्यावर, जनार्दनस्वामींकडे. त्यांच्या भारुडात वासुदेव येतो, जोशी येतो, गारुडी येतो, विंचू चावलेली बाई येते. प्रत्येकाची बोली वेगळी, हावभाव वेगळे. हे सगळं उघड्यावर, रस्त्यावरच्या माणसासमोर करायचं. मराठवाड्यातल्या सर्वांत मोठ्या नाटककाराला थिएटर कधी लागलंच नाही, असं म्हटलं तर ते फार चूक होणार नाही. आपण त्यांच्या नावाची इमारत बांधली ती त्यांच्यानंतर जवळजवळ चारशे वर्षांनी.

१७ सप्टेंबर १९४८ ला निजामी राजवट संपली. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. या दोन तारखांच्या मध्ये, जुन्या शहराबाहेर बेगमपुऱ्याच्या अंगाला, एक गोष्ट घडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली इथे महाविद्यालय सुरू केलं, ते पुढे मिलिंद महाविद्यालय झालं आणि परिसराचं नाव नागसेनवन पडलं. या महाविद्यालयाचे प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी ‘युगयात्रा’ हे नाटक लिहिलं. अस्पृश्यांच्या युगानुयुगांच्या वाटचालीचं हे नाटक मिलिंदच्या विद्यार्थ्यांनी बाबासाहेबांसमोर केलं, आणि ऑक्टोबर १९५६ मध्ये नागपूरला धम्मदीक्षेच्या निमित्तानं जमलेल्या प्रचंड समुदायापुढेही ते झालं. दलित रंगभूमीचा इतिहास लिहिणारे बरेच जण सुरुवात या नाटकापासून करतात.

म्हणजे या शहरातल्या आधुनिक नाटकाचा पहिला मोठा पत्ता ‘कॉलेजचा रंगमंच, नागसेनवन’ असा आहे. व्यावसायिक नाटक कंपनी नाही, नाट्यगृह नाही. शिकायला आलेली मुलं, त्यांतली कित्येक घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेली, आणि एक प्राचार्य. पुढे दोन वर्षांत, २३ ऑगस्ट १९५८ ला, डोंगराच्या पायथ्याशी मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं. सत्तरच्या दशकात तिथे नाट्यशास्त्र विभाग आला. राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकलेल्या कमलाकर सोनटक्के यांनी तो उभा केला. मकबऱ्याकडे जाणाऱ्या पर्यटकांना पत्ताही नसतो, पण त्याच बाजूला पुढच्या पन्नास वर्षांतल्या मराठी नाटक-सिनेमातले कितीतरी चेहरे तालमी करत होते. मकरंद अनासपुरे हे त्यांतलं सगळ्यांना माहीत असलेलं नाव.

याच विभागात रुस्तुम अचलखांब शिकवत होते. तमाशाचे आणि लोकरंगभूमीचे अभ्यासक, ‘गावकी’चे लेखक. त्यांच्या आणि त्यांच्या सोबत्यांच्या ‘दलित थिएटर’नं प्रकाश त्रिभुवन यांचं ‘थांबा, रामराज्य येतंय’ रंगमंचावर आणलं. हा काळ साधा नव्हता. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव १९७८ साली विधिमंडळात झाला, त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या, आणि नामविस्तार प्रत्यक्षात यायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. ज्या शहरात विद्यापीठाच्या नावावरून माणसं मरत होती, तिथे ‘दलित थिएटर’ असं नाव लावून उभं राहणं म्हणजे स्वतःचा पत्ता जाहीर करणं होतं. इथे ‘थिएटर’ या शब्दाचा आणखी एक अर्थ सापडतो : इमारत नसलेलं, माणसांचं थिएटर.

ऐंशीच्या दशकात याच शहरात ‘जिगीषा’ नावानं काही तरुण नाटकं करत होते. चंद्रकांत कुलकर्णी दिग्दर्शक, प्रशांत दळवी लेखक. स्पर्धा, प्रायोगिक नाटकं, उशिरापर्यंतच्या तालमी असा तो काळ. मग ही मंडळी मुंबईला गेली. १९९१ मध्ये ‘चारचौघी’ आलं आणि मराठी व्यावसायिक रंगभूमीवर त्यांचं नाव कायमचं झालं.

ते का गेले, याचं उत्तर भावनेपेक्षा भूगोलात जास्त आहे. मनमाडपर्यंतची आमची रेल्वे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत मीटरगेज होती. मुंबईला जायचं तर मनमाडला उतरून गाडी बदलायची. मुंबई रेल्वेनं पावणेचारशे किलोमीटर. महिन्याला वीस-पंचवीस प्रयोग झाले तर व्यावसायिक नाटक जगतं, आणि तेवढे प्रयोग मुंबई-ठाणे-पुण्याच्या पट्ट्यातच लागतात, कारण तिथे तासा-दोन तासांच्या अंतरावर दुसरं नाट्यगृह असतं. सकाळी एका गावात, रात्री दुसऱ्या. मराठवाड्यात एका प्रयोगानंतर दुसरा करायचा तर नेपथ्याचा ट्रक जालना, परभणी, नांदेड असा रात्रभर पळवावा लागतो. इथे राहून नाटक शिकता येतं, स्पर्धेत करता येतं. पोट भरण्याइतकं करता येत नाही.

आमच्या क्षेत्रात यासाठी दोन वेगळे आकडे आहेत. एखादं पान मागितलं आणि ते नसलं, तर सर्व्हर ‘४०४’ म्हणतो : सापडलं नाही. पण पान दुसरीकडे हलवलं असेल, तर तो ‘३०१’ म्हणतो : कायमचं स्थलांतर, हा घ्या नवा पत्ता. आमच्या शहराबद्दल बाहेरचा माणूस नेहमी ४०४ समजतो. ‘औरंगाबादला काय, वेरूळ-अजिंठा आणि नान-खलिया, नाटक कुठलं?’ असं पुण्यात मी अनेकदा ऐकलं आहे. खरं उत्तर ३०१ आहे. इथलं नाटक दादरच्या शिवाजी मंदिरात सापडतं, टीव्हीवर सापडतं, सिनेमाच्या श्रेयनामावलीत सापडतं. फक्त ३०१ चालायचा तर जुन्या पत्त्यावर कुणीतरी बसून नवा पत्ता सांगावा लागतो. तो सर्व्हर बंद केला की उरतं ते ४०४ च.

माझ्या मते प्रश्न आहे तो हाच जुना पत्ता जिवंत ठेवण्याचा. आपण नाटकाबद्दल बोलतो तेव्हा बहुतेक वेळा नाट्यगृहाच्या खुर्च्या, एसी आणि स्वच्छतागृहं यांवरच बोलतो. तो राग खरा आहे. एकनाथ रंगमंदिर दुरुस्तीसाठी दीर्घकाळ बंद होतं, तेव्हा प्रेक्षकांनी आणि कलावंतांनी तो पुरेसा काढला आहे. पण गेल्या शंभर वर्षांचा हिशेब मांडला, तर या शहरात नाटक जन्मलं ते मोठ्या नाट्यगृहात नाही. ते मेळ्याच्या मंडपात, वसतिगृहात, कॉलेजच्या रंगमंचावर, विद्यापीठाच्या तालीमखोलीत जन्मलं. हजार खुर्च्यांचं सभागृह हे त्याचं शेवटचं स्टेशन आहे. पहिलं स्टेशन म्हणजे संध्याकाळी सहा ते दहा परवडणाऱ्या भाड्यात मिळणारी, पंखा आणि दिवा असलेली एक खोली. आज राज्य नाट्य स्पर्धेत उतरणाऱ्या एखाद्या हौशी संघाला विचारा. सभागृहाची तारीख कधीतरी मिळते, तालमीला जागा मिळत नाही, म्हणून कुणाच्या तरी गच्चीवर, बंद दुकानात, शाळेच्या शिपायाच्या मेहेरबानीवर काम चालतं.

म्हणून बाहेरून येणाऱ्या मित्रांना मी आता दोन पत्ते देतो. प्रयोग बघायचा असेल तर निराला बाजार, उस्मानपुरा किंवा एन-५, आणि निघण्याआधी संताचं पूर्ण नाव नीट वाचून घ्या. शहराचं नाटक बघायचं असेल तर पैठण गेटकडून निघा, भडकल गेट ओलांडा, नागसेनवनातून विद्यापीठाच्या रस्त्याला लागा, आणि अंधार पडल्यावर जिथे एकाच वाक्यावर चार मुलं पुन्हा पुन्हा भांडताना ऐकू येतील, तिथे थांबा. पुढच्या वेळी ती तिथे असतील की मुंबईत, हे मात्र नकाशा सांगू शकत नाही. ते त्यांना खोली मिळते की नाही, यावर आहे.