वारी, पटकी आणि दंडावरची सुई

आपल्या दिंडीच्या शंभर वर्षांच्या हकिकतीत विणेकरी, चोपदार, मुक्कामाची गावं सगळी आली. रोगराई तेवढी राहिली. ती आम्ही जमेल तशी लिहितो.

पूर्वी पटकी म्हणजे मरीआईचा कोप. १८८४ साली कॉख नावाच्या जर्मन डॉक्टरानं कलकत्त्यात पटकीचा जंतू दाखवून दिला. घाण पाण्यातून तो पोटात जातो. चंद्रभागेत तिथंच आंघोळ, तिथंच धुणं आणि तेच पाणी तीर्थ म्हणून तोंडात! मुंबईत प्लेग आला तेव्हा १८९७ मध्ये साथरोगाचा कायदा झाला, प्रवासी अडवायची मुभा सरकारला मिळाली. इंग्रजांच्या दप्तरात पालखी म्हणजे रोग वाहून नेणारी. नळ, मोऱ्या वेळेवर का नाही केल्या, हे आधी विचारायला नको होतं का?

पण खरं सांगायचं तर चूक आपलीही होती. पुढं सुई टोचल्याशिवाय पंढरीत शिरू देत नसत. आमचे आजोबा सांगायचे, दंड सुजला, ताप भरला, तरी टाळ सोडला नाही. बरोबरच्या चौघी मात्र नाका चुकवून शेताच्या बांधानं गेल्या. देवाच्या दारी सुई कशाला, असं म्हणायच्या. ही गोष्ट दप्तरात सापडायची नाही. टोचलेल्यांचा आकडा तिथं मिळेल, न टोचलेल्यांच्या मनातली भीती नाही मिळणार. डॉक्टरानं दोन्ही वाचलं पाहिजे.

गाडगेबाबांनी ते ओळखलं. आधी खराटा, मग कीर्तन. माणसाला हसवत, त्यालाच प्रश्न विचारत ते घाणीवर आणत. त्यांच्या नावाच्या दादरच्या धर्मशाळेत आज कॅन्सरचे पेशंट उतरतात.

२०२० साली माऊली-तुकोबांच्या पादुका एसटीनं पंढरीला गेल्या. आम्ही खारघरातच हरिपाठ केला. त्या साली बांधानं कुणी गेलं नाही.

आता आपल्या खारघरातच टाटांचं कॅन्सरचं मोठं केंद्र आहे. एकदा कीर्तनानंतर एका तरुण डॉक्टरानं विचारलं, "बुवा, तुमच्याकडच्या बायका मशेरी कधीपासून लावतात?" आम्हाला उत्तर येईना. आजी लावायची, आई लावायची, घरात कुणी कधी विचारलंच नव्हतं. तेव्हापासून दर एकादशीला भजन झालं की म्हाताऱ्यांकडून सुईच्या, पटकीच्या, मशेरीच्या आठवणी वहीत उतरवून घेतो. सात जणांच्या झाल्यात. आठव्या आजीबाई म्हणाल्या, "आधी मशेरी लावू दे, मग सांगते."