पळ, विपळ आणि त्रुटी

"घटकाभर बसा", "पळभर थांबा" असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. परंतु घटका म्हणजे नेमका किती वेळ, हे आजच्या तरुण पिढीस सांगता येईलच असे नाही. वास्तविक हे शब्द नुसते बोलण्यातले नसून कालमापनाची पक्की मापे होत.

एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंतच्या अहोरात्राचे ६० भाग करीत. त्यातील एक भाग म्हणजे घटका, आजची २४ मिनिटे. घटकेची ६० पळे, म्हणजे एक पळ २४ सेकंदांचे. आणि पळाची ६० विपळे. निरोगी माणसाच्या एका श्वासोच्छ्वासास 'प्राण' म्हणत. सहा प्राणांचे एक पळ होई. दहा दीर्घ अक्षरे उच्चारण्यासही एक प्राणच लागतो, असे मानीत. तेव्हा एक दीर्घ अक्षर म्हणजे एक विपळ. घड्याळ जवळ नसले तरी श्वास आणि वाणी ही मापे प्रत्येकाजवळ होतीच.

घटका मोजण्यास तांब्याची वाटी असे. तिच्या बुडाला बारीक छिद्र पाडून ती पाण्यावर तरंगत सोडीत. वाटी भरून बुडाली की घटका झाली. "घटका भरली" हा शब्दप्रयोग त्यावरूनच आला. लग्नघरी मुहूर्त साधण्यासाठी जोशीबुवा याच घटिकापात्रावर नजर ठेवून बसत.

याहूनही सूक्ष्म माप भास्कराचार्यांनी दिले आहे. त्यांचा जन्म शके १०३६ म्हणजे इ. स. १११४ चा. त्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिल्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटण येथे भवानीच्या देवळात आहे. इ. स. ११५० च्या 'सिद्धान्तशिरोमणी'त भास्कराचार्यांनी 'त्रुटी' हे माप सांगितले. हिशेब केल्यास एका सेकंदात ३३,७५० त्रुटी होतात.

इतके बारीक माप मोजणारे यंत्र त्या काळी नव्हते. मग त्याचा विचार तरी कशासाठी? चंद्र दिवसाला सरासरी १३ अंश चालतो, पण त्याची गती क्षणोक्षणी बदलते. सबंध दिवसाची सरासरी धरली तर तिथी संपण्याची वेळ चुकते. म्हणून तिथीचा शेवट जवळ असता चंद्राची त्या क्षणाची, म्हणजे 'तात्कालिक' गती घ्यावी, असे भास्कराचार्यांनी सांगितले. ज्या पंचांगावर गावोगावचे सणवार आणि व्रते चालतात, त्याचा खरेपणा अशा बारीक विचारावर उभा आहे.

त्यांच्या लीलावतीची दंतकथा सर्वांस ठाऊक आहे. घटिकापात्रात डोकावताना तिच्या अलंकारातील मोती आत पडला, छिद्र बुजले, वाटी बुडालीच नाही आणि मुहूर्त टळला. ही कथा फैजीने इ. स. १५८७ मध्ये केलेल्या 'लीलावती'च्या फारसी भाषांतरात येते. भास्कराचार्यांच्या ग्रंथात ती नाही. तरीही तिच्यातील बोध खरा आहे, याचा प्रत्यय आपल्या काळातही आला.

इ. स. १९६७ पासून सेकंद हा सूर्यावरून नव्हे, तर सिझियम अणूच्या ९,१९,२६,३१,७७० कंपनांवरून ठरतो. उपग्रहावरून आपले ठिकाण कळते ते अशाच अणुघड्याळांमुळे. त्यात सेकंदाचा दहा लाखावा भाग चुकला तरी अंतरात सुमारे ३०० मीटरांची चूक पडते. भारताने स्वतःच्या दिशादर्शनासाठी इ. स. २०१३ मध्ये पहिला उपग्रह सोडला. पुढे त्यावरील तिन्ही रुबिडियम घड्याळे बंद पडली. उपग्रह आकाशात होता, पण वेळ चुकल्यामुळे ठिकाण सांगण्यास निरुपयोगी झाला. त्याच्या जागी पाठवलेला उपग्रह इ. स. २०१७ मध्ये उड्डाणातच निकामी ठरला आणि अखेर इ. स. २०१८ मध्ये दुसरा पोहोचला.

वाटी तांब्याची असो वा घड्याळ अणूचे, मोठे कार्य लहानशा पळावरच तोललेले असते. आपल्या पूर्वजांनी पळाविपळांचा हिशेब ठेवला तो याच जाणिवेने होय.